राईझ, रेझ आणि आमच्या क्रियापदबाई

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे माजी अधीक्षक डॉक्टरसाहेब, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या परिचर्या विद्यालयाच्या प्राचार्या, संचालक मंडळाची सन्माननीय मंडळी, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामाच्या वेळा सांभाळून इथे जमलो त्या आपल्या बाई, बाईंचे यजमान, आईचं कौतुक ऐकायला लांबून आलेली त्यांची लेक, माझ्या सहकारी सिस्टर्स आणि ब्रदर्स, वॉर्डातल्या मावश्या, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

प्राचार्यांनी मला बजावून सांगितलं आहे की थोडक्यात बोला. मी प्रयत्न करीन. तसं आमच्या धंद्यात बोलणं कमी आणि टोचणंच जास्त. पण आज मला बाईंबद्दल बोलायचं आहे, आणि बाईंबद्दल थोडक्यात बोलणं मला जमेलसं वाटत नाही. तेव्हा प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं, तरी ते मला दिसलं नाही असं मी समजेन.

बाईंना आपण सगळे पाठीमागे काय म्हणतो, हे बाईंना ठाऊक नाही, असा आपला वर्षानुवर्षांचा समज आहे. बाई, ठाऊक आहे ना? बघा, हसताहेत. क्रियापदबाई! आता हे नाव व्यासपीठावरून घ्यावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मग वाटलं, ज्या माणसाने आयुष्यभर क्रियापदं शिकवली, त्याला याहून मोठी पदवी दुसरी कोणती द्यायची?

ज्यांनी बाईंचा तास पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. विद्यालयाच्या वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. खाली धुलाईघर, त्यामुळे खिडकी उघडली की साबणाच्या पाण्याची वाफ आत यायची आणि फळा ओला व्हायचा. खोली एकच, विषय दोन. सकाळी तिथे शरीररचनेचा तास व्हायचा, दुपारी इंग्रजीचा. म्हणून शरीररचनेचा सांगाडा कोपऱ्यात तसाच लटकत असायचा. इतर कोणी असतं तर त्याच्यावर चादर टाकली असती. बाईंनी त्याला कामाला लावलं.

एकदा त्यांनी त्या सांगाड्याचा हात धरून वर केला आणि म्हणाल्या, "मी याचा हात वर केला. आय रेझ्ड हिज हँड. रेझ म्हणजे उठवणे, वर करणे. करणारी मी, आणि जो वर झाला तो हात. आता समजा, मी हात लावलाच नाही आणि हा हात आपला आपण वर गेला, तर काय म्हणाल?"

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, काही म्हणणार नाही. आम्ही पळून जाऊ."

सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "पळा. पण पळताना राईझ म्हणा. द हँड रोझ. जे आपलं आपण उठतं, वर येतं, ते राईझ. त्याला कर्म लागत नाही."

मग त्यांनी फळ्यावर दोन रांगा केल्या. राईझ, रोझ, रिझन. रेझ, रेझ्ड, रेझ्ड. "आपल्याकडे हे दोन्ही किती सोपं आहे बघा," त्या म्हणाल्या. "उठणे, उठवणे. चढणे, चढवणे. बसणे, बसवणे. एक 'व' घातला की काम दुसऱ्याच्या गळ्यात. इंग्रजीत तसा 'व' नाही, म्हणून दोन वेगळी क्रियापदं लक्षात ठेवायची. ताप चढतो, ते राईझ. पलंगाचं डोकं तुम्ही वर करता, ते रेझ. धूर राईझ होतो. आवाज तुम्ही रेझ करता. रेझ दिसलं की थांबायचं आणि विचारायचं, कोणाला? काय? उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि मुलं? मुलं रेझ करावी लागतात. ती काही आपोआप राईझ होत नाहीत."

बाईंच्या लेकीने आत्ता मान हलवली. तिला हे वाक्य पाठ दिसतंय.

आता खरं सांगते, मला त्या वेळी हे काही कळलं नाही. मी ज्या घरातून आले, तिथे वडील बसडेपोत मेकॅनिक आणि आई एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. माझी शाळा मराठी. इंग्रजीशी माझी ओळख औषधांच्या बाटल्यांवरची. राईझ आणि रेझ माझ्या कानाला एकच वाटायचं. त्यातलं रेझ्ड मला आवडायचं, कारण शेवटी 'ड' लावला की भूतकाळ झाला, काम संपलं. रोझ मात्र मला पटेचना. रोझ म्हणजे गुलाब. माणूस उठला, तर तो गुलाब कसा होईल? मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं की सगळीकडे रेझ्ड लिहायचं. त्या वर्षी व्याकरणाच्या प्रश्नांना पर्याय होते. मी दुसरेच सोडवले आणि पास झाले.

आणि शिक्षण संपवून याच रुग्णालयात, हाडांच्या वॉर्डात, कामाला लागले. नवीन होते. नोकरी अजून कायम व्हायची होती.

त्या वॉर्डात एक आजी होत्या. शिवणकाम करणाऱ्या. अंगावरच्या कपड्यांपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत, जे समोर दिसेल त्याची शिवण त्या बोटाने चाचपून बघायच्या. आम्ही त्यांना टेलरआजी म्हणायचो. त्या पडल्या होत्या आणि त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांचा आदेश होता की पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही. मी दर फेरीला त्यांना सांगायची, "आजी, उठायचं नाही हं." आणि त्या म्हणायच्या, "नाही गं बाई, उठून जाणार कुठे?"

एके दिवशी दुपारची जेवणं झाली होती. वॉर्ड शांत होता. आजींच्या शेजारच्या बाई औषधाच्या गुंगीत झोपलेल्या, पलीकडच्यांना एक्स-रेला नेलेलं. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पडद्याआड एका पेशंटचं ड्रेसिंग बदलत होते. आणि धप्प असा आवाज आला.

असा आवाज एकदा ऐकला की आयुष्यभर विसरत नाही. इथे बसलेल्या प्रत्येक सिस्टरला मी काय म्हणते ते कळेल.

मी धावले. आजी खिडकीखाली फरशीवर पडल्या होत्या. एका हाताच्या मुठीत खिडकीच्या पडद्याचं टोक. चेहरा पांढराफटक. "आजी, काय झालं?" म्हटलं, तर नुसतं "शिवण, शिवण" म्हणाल्या आणि त्यांची शुद्ध हरपली. मग स्ट्रेचर, एक्स-रे, धावपळ. बसवलेला सांधा सरकला होता. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

त्या धावपळीनंतर मला घटनेचा रिपोर्ट लिहायचा होता. नियमाप्रमाणे इंग्रजीत. जे झालं ते मी जसंच्या तसं लिहिलं. निदान मला तसं वाटलं. पेशंट रेझ्ड फ्रॉम बेड अँड फेल डाउन. पेशंट पलंगावरून उठल्या आणि पडल्या. मी सही केली आणि रिपोर्ट दिला.

आता आमच्या रिपोर्टची एक रीत आहे. मधलं 'वॉज' आम्ही गाळतो. ड्रेसिंग चेंज्ड, म्हणजे ड्रेसिंग बदललं गेलं. पेशंट शिफ्टेड, म्हणजे पेशंटला हलवलं गेलं. त्याच रीतीने वाचलं, तर पेशंट रेझ्ड म्हणजे काय? पेशंटला उठवलं गेलं. आणि वॉर्डात त्या वेळी उठवायला कोण होतं? मी एकटी.

संध्याकाळी आजींचे चिरंजीव आले. त्यांचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. त्यांना कार्यालयात कोणीतरी त्या वाक्याचा अर्थ सांगितला. ते थेट वॉर्डात आले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "उठवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? मग माझ्या आईला उठवलं कोणी?"

त्यांचा राग मी आजही समजू शकते. आई पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलेली. दुसरा कोणताही मुलगा असता, तर त्यानेही हेच केलं असतं.

चौकशी बसली. साहेब, आपण होतात. त्या वेळच्या थोरल्या मेट्रनबाई होत्या. रुग्णालयाचे वकील होते. आजींचे चिरंजीव एका बाजूला बसले होते. मी समोर उभी.

वकिलांनी विचारलं, "तुम्ही पेशंटला उठवलं?"

मी म्हटलं, "नाही."

"हा रिपोर्ट तुम्ही लिहिला?"

"हो."

"तो खरा आहे?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "खरा आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही."

बघा आता! मी माझ्याच तोंडाने गुन्हा कबूल करत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. वकील पुन्हा विचारत, मी पुन्हा तेच सांगे. थोरल्या मेट्रनबाई कपाळाला हात लावून बसल्या. साहेब म्हणाले, "ही मुलगी एकतर फार निर्ढावलेली आहे, नाहीतर हिला काही कळत नाहीये." साहेब, दुसरं खरं होतं. चौकशी दुसऱ्या दिवसावर गेली. मला वॉर्डात जायची मनाई झाली. नोकरी जाणार हे तर उघडच होतं, पण परिचारिका म्हणून नोंदणीही रद्द होईल, असं बोललं जात होतं.

घरी वडिलांनी विचारलं, "तू उठवलंस का त्यांना?"

"नाही, बाबा."

"मग तसं लिहिलंस ना?"

"तसंच लिहिलंय."

"मग घाबरतेस कशाला?" ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. पण नळ बराच वेळ चालू राहिला. आईने माझा गणवेश धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावला. उद्या तो घालायला मिळेल की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं.

माझं ते वाक्य तोवर सगळ्या रुग्णालयात फिरलं होतं. माझ्या एका मैत्रिणीने ते बाईंच्या कानावर घातलं. ती सांगते, बाईंचा तास चालू होता. बाईंनी ते वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग हातातला खडू ठेवला आणि वर्गाला म्हणाल्या, "धडा वाचत बसा. मी आलेच."

इकडे चौकशीचा दुसरा दिवस सुरू होता. खोलीच्या दारावर टकटक झाली. बाई आत आल्या. बोटांना खडू तसाच.

साहेब म्हणाले, "बाई, ही चौकशी आहे. तास नाही."

"माहीत आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "पण वाक्य माझ्या तासातलं आहे. मला या मुलीला एकच विचारायचं आहे."

साहेबांनी मान हलवली. बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी अगदी वर्गात विचारतात तसं विचारलं, "सूर्य सकाळी काय करतो? इंग्रजीत सांग."

मी म्हटलं, "द सन रेझेस इन द ईस्ट."

वकिलांना एकदम खोकला आला.

"आणि काल काय केलं त्याने?"

"यस्टरडे द सन रेझ्ड."

बाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, काल सूर्याला कोणी उठवलं, याची चौकशी कधी बसवायची?"

मग बाईंनी मला विचारलं, "रोझ का म्हणत नाहीस? फळ्यावर लिहिलं होतं ना मी?"

मी रडवेल्या आवाजात म्हटलं, "बाई, रोझ म्हणजे गुलाब."

त्यावर थोरल्या मेट्रनबाई, ज्यांना आम्ही कोणीही कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. पण वकील सहज सोडणारे नव्हते. आणि तसं बघितलं तर ते त्यांचं काम करत होते. ते म्हणाले, "बाई, हे पढवून घेतलेलंही असू शकतं. शिकलेली मुलगी इतकी साधी चूक करेल, हे मला पटत नाही."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. गंभीरपणे टेबलावर बोट ठेवून म्हणाले, "ॲब्सोल्यूटली. हिअर अ क्वेश्चन रेझेस..."

आणि थांबले.

साहेब, आपण आज अध्यक्ष आहात, आणि हे सांगायची परवानगी मी काल फोन करून आपल्याकडून घेतली आहे, नाहीतर माझी हिंमत झाली नसती. आपण थांबलात. बाई अगदी हळू म्हणाल्या, "अराईझेस, साहेब. प्रश्न उपस्थित होतो, ते अराईझ. प्रश्न कोणीतरी उपस्थित करतं, ते रेझ. आणि आपल्याला तर मी पढवलेलं नाही."

तुम्ही हसताय, पण साहेबांचा मोठेपणा बघा. दुसरा कोणी असता तर बाईंना बाहेर काढलं असतं. साहेब स्वतः मोठ्याने हसले आणि वकिलांना म्हणाले, "पटलं का आता?"

इथे बाई जिंकल्या होत्या. त्या निघून गेल्या असत्या, तरी माझी नोकरी वाचली असती. पण बाई गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "साहेब, व्याकरण एवढंच सांगतं की या वाक्यावरून हिला दोषी धरता येत नाही. हिने उठवलं नाही, हे काही व्याकरण सांगत नाही. ते एकच माणूस सांगू शकेल. आजींना विचारलंत?"

चिरंजीव म्हणाले, "आई नीट भानावर नाही. काहीतरी बडबडते. शिवण, उसवलं, असलं काहीतरी. तिला काय विचारणार?"

"त्या कोणत्या भाषेत बडबडतात?" बाईंनी विचारलं.

"मराठीत. दुसऱ्या कोणत्या?"

"मग आपल्या सगळ्यांना कळेल. चला."

आणि ती सगळी चौकशी उठून वॉर्डात गेली. पुढे साहेब, मागे वकील, मग चिरंजीव, मेट्रनबाई, बाई, आणि सगळ्यात शेवटी मी. शस्त्रक्रियेनंतर आजींचा चेहरा उतरला होता, पण डोळे उघडे होते. वकिलांनी वाकून विचारलं, "आजी, तुम्हाला कोणी उठवलं?"

बाईंनी त्यांना तिथल्या तिथे अडवलं. "असं नाही विचारायचं, वकीलसाहेब. तुमच्या प्रश्नातच उत्तर बसलंय. आजी, त्या दुपारी काय झालं ते तुम्हीच सांगा."

आजींनी खिडकीकडे बोट केलं. मग हळूहळू बोलू लागल्या. "हा पडदा बघा. याची खालची शिवण उसवलीय. वाऱ्याने हलला की दोरा आणखी निघतो. मी दोन दिवस बघत होते. म्हटलं, नुसती गाठ मारून टाकावी, नाहीतर सगळा पडदा जाईल. एवढ्यासाठी कोणाला सांगायचं? हात पोचला, पण पाय राहिला नाही."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. दोरा लोंबत होता.

चिरंजीवांना तरी खात्री हवी होती. "आई, नीट आठव. या सिस्टरने तुला उठवलं ना?"

आजींनी मान वळवून मुलाकडे बघितलं. अशक्त माणसाचा आवाज तो, पण शेवटच्या पलंगापर्यंत ऐकू गेला.

"मला कोण उठवणार रे? तुझे वडील गेले, तेव्हापासून पहाटे मी आपली आपण उठले. मशीनवर बसले. मग तुला उठवलं, शाळेत धाडलं. मला कोणी उठवावं लागेल, असा दिवस अजून यायचाय. आणि ही पोर? ही तर दिवसभर कानाशी एकच सांगायची, उठू नका, उठू नका. मीच ऐकलं नाही."

उठणे आणि उठवणे. आम्हाला फळ्यावर समजलं नव्हतं, ते त्या माउलीने पलंगावर पडल्या पडल्या समजावून सांगितलं. बाई जवळच उभ्या होत्या. मी बाईंकडे बघितलं, तर बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

चिरंजीव स्टुलावर बसले. आईच्या अंगावरचं पांघरूण उगीचच नीट करत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "ताई, चुकलं माझं." मी नुसतं आजींच्या उशाशी पाण्याचा ग्लास भरून ठेवला. तेच मला येत होतं.

मी निर्दोष ठरले. आजींना बरं व्हायला वेळ लागला, पण त्या काठी घेऊन स्वतःच्या पायांनी घरी गेल्या, हे आपल्याला सांगायलाच हवं.

त्या दिवशी संध्याकाळी मी बाईंच्या खोलीत गेले. आभार मानायचे होते. पाठ करून गेले होते. बाई उत्तरपत्रिका तपासत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आभार नंतर. आधी वाक्य दुरुस्त करून दे."

मी फळ्यावर लिहिलं. द पेशंट रोझ फ्रॉम हर बेड अँड फेल. बाईंनी ते वाचलं, त्याखाली बरोबरची खूण केली आणि मग उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात थरथरत होता. तेव्हा मला कळलं की त्या खोलीत मी जितकी घाबरले होते, तितक्याच बाई घाबरल्या होत्या. फक्त त्यांनी ते मला दिसू दिलं नव्हतं.

मंडळी, इतर कोणी इथे थांबलं असतं. बाईंनी पुढे जे केलं, त्याचा मला जास्त अभिमान आहे. त्या साहेबांकडे आणि संचालक मंडळाकडे एक मागणी घेऊन गेल्या. घटनेचा रिपोर्ट नर्सने आधी तिच्या भाषेत लिहावा, इंग्रजी त्याच्याखाली. काय गहजब झाला होता! संचालक म्हणाले, "इंग्रजीच्या बाईच इंग्रजी घालवायला निघाल्या." शिक्षकांच्या खोलीत थट्टा झाली. बाई म्हणाल्या, "मी इंग्रजी शिकवते ती मुलींना पुढे जाता यावं म्हणून, त्यांनी अडकावं म्हणून नाही. ज्या वाक्यावर माणसाची नोकरी आणि पेशंटचा जीव टांगलेला असतो, ते वाक्य त्याला ज्या भाषेत रडता येतं त्या भाषेत आधी लिहू द्या." बैठकीमागून बैठक झाली. बाई प्रत्येक बैठकीला गेल्या. आणि शेवटी साहेबांनी सही केली.

आज मी या रुग्णालयाची मेट्रन आहे. माझ्या टेबलावर रोज रिपोर्ट येतात. वर सिस्टरची स्वतःची भाषा, खाली इंग्रजी. वर काय झालं ते कळतं, खाली शिक्षण किती झालं ते कळतं. दोन्हींत फरक पडला, तर मी त्या सिस्टरला बोलावून विचारते. तिच्यावर ओरडत नाही. विचारते.

आणि कोणी असं समजू नका की त्यानंतर बाईंनी इंग्रजीत सूट दिली. उलट परीक्षेतले पर्याय त्यांनी बंद करून टाकले! माझ्यामागून आलेल्या मुलींनी त्याबद्दल मला किती शिव्या दिल्या, ते माझं मला माहीत. पण त्याच मुली आज लांबलांबच्या रुग्णालयांत, जहाजांवर, परक्या मुलखांत वॉर्ड सांभाळताहेत. तिथल्या डॉक्टरांशी मान वर करून बोलताहेत. त्यांतल्या कितीजणींनी आज सकाळपासून मला निरोप पाठवलेत की बाईंना आमचा नमस्कार सांगा. बाई, तो सगळ्यांचा नमस्कार मी इथून एकदमच पोचवते.

काल बाईंचा शेवटचा तास होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. गणवेशात, मेट्रनचा पट्टा लावून. बाईंनी दखल घेतली नाही. तास संपत आला, तशी एक पहिल्या वर्षाची मुलगी उभी राहिली. ती तिथे मागे उभी आहे, लपू नकोस. तिने विचारलं, "बाई, तुम्ही रिटायर होताय, की तुम्हाला रिटायर केलं जातंय?"

मी तिला खाली बस म्हणून खुणावलं. पण बाईंचा चेहरा असा खुलला म्हणता! इतक्या वर्षांत त्यांना असा प्रश्न कोणी विचारला नसेल. त्या म्हणाल्या, "शाब्बास. हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. कर्म असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं. संस्था मला रिटायर करते आहे, एवढं पक्कं. मी होते आहे की नाही, ते मला अजून ठरवायचंय. बस खाली. अजून घंटा झालेली नाही."

मग घंटा झाली. बाई शिकवत राहिल्या, आणि कोणीही जागचं हललं नाही.

आयोजकांनी मला इथे उभं केलं, साहेबांनी स्वतःवरची थट्टा हसून सोसली, आणि आपण सगळ्यांनी एवढा वेळ शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात मानापानात, उल्लेखात काही कमीजास्त झालं असेल, तर ते आपण पोटात घालावं. व्याकरणाच्या चुकांची माफी मात्र मी आपल्याकडे मागत नाही. त्या बाईंनी केव्हाच मोजून ठेवल्या असतील, आणि उद्या सकाळी मला बोलावून त्या माझ्याकडून दुरुस्त करून घेतील, अशी मला आशा आहे.

नमस्कार.